बरगडीखालची कळ

बाबांचा वॉकर परत करायला म्हणून ती केंद्रावर गेली आणि बेचाळीस किलोमीटर धावायचं कबूल करून घरी आली. शहाण्या माणसाच्या हातून असं होत नाही. पण त्या रविवारी सकाळी अवेळी पाऊस आला, तिला पत्र्याच्या शेडखाली उभं राहावं लागलं आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

केंद्र म्हणजे अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसांना पुन्हा उठायला, चालायला, बोलायला शिकवणारी जागा. बाबा थंडीभर तिथे जात होते. आता ते काठीवर आले होते आणि वॉकर दुसऱ्या कोणाच्या तरी कामी यावा म्हणून ती तो घेऊन आली होती. शेडखाली एक माणूस आधीच उभा होता. अंगात भडक नारिंगी जाकीट आणि जाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं – शेवटचा.

तो वळला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग वॉकरकडे.

"धावायला आलात?"

"हे घेऊन?"

"आमच्यात याहून हळू धावणारेही आहेत."

तिला हसू आलं. ते तिने ओठांतच दाबलं, कारण अनोळखी माणसाच्या पहिल्या वाक्याला हसलं की तो दुसरं वाक्य बोलतो असा तिचा अनुभव होता. तरी राहवेना म्हणून तिनेच विचारलं, "शेवटचा म्हणजे काय?"

"म्हणजे मी." शेडच्या दुसऱ्या टोकाला बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या माणसांकडे त्याने हनुवटी केली. "ही मंडळी दर रविवारी धावत सुटतात. मी सगळ्यांच्या मागे राहतो. कोणी दमलं, बसलं, वाट चुकलं, तर त्याच्याबरोबर येतो. माझ्या मागे कोणी राहिलं तर माझी नोकरी गेली."

"नोकरी आहे ही?"

"छे, फुकट करतो. म्हणून तर जायची भीती जास्त."

आता मात्र ती हसली, आणि तोही हसला, आणि हसताना त्याचे दात दिसले. "वरचा डावा सुळा तिरका आहे तुमचा," ती म्हणून गेली आणि लगेच जीभ चावली.

"नाव विचारायच्या आधी दात मोजलेत?"

"सवय आहे. कवळ्या बनवते मी... लॅबमध्ये."

"मग म्हातारपणी येतो तुमच्याकडे."

"या. पण तो सुळा तसाच राहू द्या. बरा दिसतो." हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. ती वॉकरची घडी घालायला लागली. वॉकरची घडी आधीच घातलेली होती.

तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक ठेंगण्या बाई आल्या. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या आणि निवृत्ती न मानलेल्या. वॉकर कोणाचा, हे त्यांनी विचारलं, आणि माझ्या बाबांचा, शिंप्यांचा, असं तिने म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "ते होय! बोलता येत नव्हतं तेव्हासुद्धा आमच्या पडद्यांची शिवण उसवलीय हे बोटाने दाखवून दाखवून सांगायचे." मग त्यांनी सांगितलं की गावातल्या मॅरेथॉनमध्ये हा गट दरवर्षी केंद्रासाठी धावतो. लोक त्यांच्या धावण्यावर देणग्या देतात, आणि ज्या दांड्यांना धरून तिचे बाबा पहिल्यांदा उभे राहिले त्या अशाच आलेल्या आहेत. एवढं ऐकल्यावर नाही कसं म्हणायचं?

"अर्धी की पूर्ण?" बाईंनी वही-बिही काही न काढता तोंडीच विचारलं.

अर्धी म्हणजे किती आणि पूर्ण म्हणजे किती हे तिला ठाऊक नव्हतं. पण अर्धं काही मागणं तिच्या जिवावर आलं. "पूर्ण," ती म्हणाली. नारिंगी जाकीट जरासं खोकलं.

घरी आत्याने कपाळाला हात लावला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा आजारी पडल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आली ती घराचा ताबा घेऊनच बसली. "जिना चढून आलीस की पाणी मागतेस तू," ती म्हणाली. "हे खूळ कोणी घातलं डोक्यात?"

बाबा मात्र खुर्चीत सरळ झाले. त्यांचे शब्द अजून एकेक करून यायचे, आणि आणताना कपाळावर शीर उठायची.

"पूर्ण?"

"हो बाबा. पूर्ण."

त्यांनी काठीकडे बघितलं. बराच वेळ ओठ हलले. "मी... पण. फाटक ते... रेघ. काठी... नाही."

त्याचा अर्थ लावायला दोघींना थोडा वेळ लागला. मॅरेथॉनच्या दिवशी मैदानाच्या फाटकापासून शेवटच्या रेघेपर्यंत ते काठी न घेता चालत येणार होते. ती पूर्ण धावणार असेल तर. आत्याने तोंड फिरवून डोळे पुसले आणि बाप-लेकीला कोणी विचारत नाही म्हणून दोघं शेफारलेत, असं भिंतीला सांगितलं.

असं ते ठरलं. आणि पुढच्या रविवारी ती धावायला गेली ती थेट सगळ्यांच्या मागे पडली.

बाईंचा एक नियम होता. बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. बोलता येईनासं झालं की वेग जास्त झाला. त्यामुळे बोलणं हे कर्तव्यच होतं, आणि ती दोघं कर्तव्याला चुकणारी नव्हती. कालव्याकाठचा रस्ता, पहाटेचं धुकं, पायांखाली ओल्या पानांची पचपच, पुढे दूरवर गेलेल्यांच्या पाठी, आणि मागे ही दोघं. गटातले लोक त्याला शेपूट म्हणायचे. तो ड्रायव्हिंग शिकवायचा.

"माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो," तो सांगायचा. "बाकी गाडी शिकणाऱ्याची. तो वळवेल तिकडे मी."

"आणि स्वतः कधी चालवता?"

"रविवारी धावतो की."

"तेही दुसऱ्याच्याच वेगाने."

यावर त्याने जाकिटाची चेन वर ओढली. तिला वाटलं, लागलं की काय. पण पुलापाशी आल्यावर तो आपणहूनच बोलायला लागला. फार पूर्वी तो दुसऱ्या एका गटाबरोबर पहिल्यांदा लांब धावला होता, आणि पोचला तेव्हा सगळे घरी गेलेले होते. टेबलं मिटवलेली, चहा संपलेला. एक माणूस रस्त्यावरचे शंकू गोळा करत होता. "त्याने मला विचारलं, कोणाला शोधताय? मी म्हटलं, कोणाला नाही." तो हसला, तिरका सुळा दिसला. "तेव्हापासून मी मागे असतो."

त्या क्षणी तिला तो आवडला. त्याआधी आवडत नव्हता असं नाही, पण आता तो आवडतो हे तिला कळलं, आणि कळल्यावर पुढचा अर्धा किलोमीटर तिला नियमाप्रमाणे बोलता आलं नाही.

"वेग जास्त झाला का?" त्याने काळजीने विचारलं.

"थोडासा..."

आता शरीराची गंमत बघा. त्याला कोणावर प्रेम बसलंय वगैरे समजत नाही. त्याला रोज पळवलं की ते पळायला शिकतं. कामावरून आल्यावर ती संध्याकाळी एकटी धावायची. दिवसभर प्लास्टरचे जबडे घासून, गुलाबी मेणात एकेक दात बसवून मान आखडलेली असायची, आणि रस्त्यावर आलं की मोकळी व्हायची. होता होता एका रविवारी तिच्या लक्षात आलं की पाय आपोआप पडताहेत, छाती भरून येत नाहीये, आणि पुढच्या पाठी जवळ येताहेत. तिने दोघांना मागे टाकलं. फार आनंद झाला. तो सांगायला ती वळली, तर शेजारी कोणी नव्हतं. नारिंगी जाकीट दूर मागे राहिलं होतं, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या बाजूला. काका धावताना कवळी काढून खिशात ठेवायचे, आणि तरी अखंड बोलायचे. तो मान वाकवून त्यांचं ऐकत होता, जसं तिचं ऐकायचा तसंच.

त्या दिवशी ती लवकर पोचली. सगळ्यांनी पाठ थोपटली. तिला चहाला चव लागली नाही.

पुढच्या रविवारी तिच्या बरगडीखाली कळ आली.

खरं म्हणजे आली नव्हती. पण तिने तिथे हात धरला आणि ती हळू झाली, आणखी हळू झाली, आणि काही वेळाने मागून ओळखीचा आवाज आला, "काय झालं? दुखतंय?"

"कळ... बरगडीखाली."

"श्वास लांब सोडा. मी आहे."

मी आहे, या दोन शब्दांपायी ती पुढचे कितीतरी रविवार कळ काढत राहिली. कधी कळ, कधी घोटा, कधी सुटलेली नाडी. "धावायला जातेस की नाड्या बांधायला?" आत्याने विचारलं, कारण रविवारी इतका वेळ लागायचं कारण तिने तेच सांगितलं होतं. संध्याकाळी ती एकटी वाऱ्यासारखी पळायची आणि रविवारी लंगडायची. आपण लबाडी करतोय हे तिला कळत होतं. पण कोणाचं काय जातंय, असं ती मनाला समजवायची. मनही बिचारं समजूतदार होतं.

मॅरेथॉन जवळ आली तसं बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तू अर्धी धाव," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाही."

तिला आधी समजलंच नाही. "का?"

"ठरलेल्या वेळेत नाही पोचलीस तर मागून येणारी बस उचलून नेते. आणि तुझ्या तब्येतीची कुरकुर चालूच आहे. मी शेपटाला विचारलं. मागच्यांचं त्याला बरोबर कळतं. तो म्हणाला, तिला अर्धीलाच पाठवा."

ती तशीच त्याच्याकडे गेली. तो रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होता.

"तुम्ही सांगितलंत बाईंना?"

"हो." त्याने पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला दर रविवारी त्रास होतो. मला बघवत नाही. त्यात पूर्ण म्हणजे..."

"माझ्या बाबांना मी शब्द दिलाय."

"माहीत आहे. म्हणून तर आधीच सांगितलं. बसमध्ये बसून रेघेपाशी उतरलात तर त्यांना काय वाटेल?"

राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच तिला फार राग आला. खरं सांगावं तर लबाडी उघडी पडत होती आणि न सांगावं तर बाबांची रेघ जात होती. ती बाईंकडे परत जाऊन म्हणाली, "पुढच्या रविवारी लांबचं धावणं आहे ना? मला धावून दाखवू द्या. मग ठरवा."

तो आठवडा तिला जड गेला. कारण एक गोष्ट तिला लख्ख दिसत होती. रविवारी ती पळून दाखवणार, म्हणजे त्याच्यापासून लांब पळणार. आणि ती जितकी लांब जाईल तितकं त्याला कळत जाणार की इतके दिवस ती जवळ का राहत होती.

रविवारी पहिल्या वळणापर्यंत ती त्याच्याबरोबर धावली. मग म्हणाली, "मी जरा पुढे जाते."

"जपून," तो म्हणाला.

ती गेली. पुलावर तिने दोघांना गाठलं, कालव्याच्या दारांपाशी आणखी तिघांना. तिला मागे वळून बघायचं होतं आणि तिने बघितलं नाही. ती परत पोचली तेव्हा पुढच्या टोळीतले लोक अजून धापा टाकत होते. बाईंनी घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "पूर्ण." त्या पुढे काही विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तो काकांना घेऊन सगळ्यांत शेवटी आला. तोवर तिचे बूट काढून झाले होते, घाम वाळला होता. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"कळ?"

"नव्हती."

"आणि घोटा?"

"तोही नव्हता."

"कधीच?"

तिने मान हलवली. आता तो विचारेल, मग का? असं तिला वाटलं. त्या उत्तराची तिने आठवडाभर तयारी केली होती. पण त्याने ते विचारलं नाही. तो कालव्याच्या दिशेने बघत राहिला.

"ग्रंथपाल आठवतात? वाचनालयातल्या? थोडेच रविवार आल्या होत्या."

आठवत होत्या. उंच, अबोल, जाड भिंगांचा चष्मा.

"त्या तुमच्या पुढेच असायच्या. एकट्या. काका तेव्हा गावाला होते, म्हणजे खरं तर त्याच शेवटच्या होत्या. मी तुमच्याजवळ होतो, कारण तुम्हाला कळ होती." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "त्यांनी यायचं बंद केलं."

एवढं बोलून तो बाटल्या गोळा करायला गेला. कोणाचं काय जातंय, या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं.

सोमवारी तिने लॅबमधून दुपारची सुट्टी काढली आणि ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल परत आलेली पुस्तकं लावत होत्या. तिने पुन्हा धावायला या म्हटल्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नको. मागे तुम्ही दोघं हसायचात. मला वाटायचं, माझ्या धावण्याला हसताय."

"तुम्हाला नव्हतो हसत. शपथ. मी तर... माझं प्रेम बसलं होतं त्याच्यावर. मला त्याच्याजवळ राहायचं होतं, म्हणून मुद्दाम हळू धावत होते. तुम्ही पुढे एकट्या आहात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

हे असं पहिल्यांदाच तिच्या तोंडून स्पष्ट निघालं, आणि तेही भलत्याच माणसापुढे, तेही वाचनालयात. वाचणारी दोनतीन डोकी वर झाली. ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला.

"हे त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला काय सांगता? आणि तेही मोठ्याने. इथे पाटी लावलीय." पण त्यांच्या गालात काहीतरी हललं. "रविवारी किती वाजता असतं हल्ली?"

त्या आल्या. ती त्यांच्या शेजारून धावली, आणि त्याने ते मागून बघितलं. चहाच्या वेळी तो ग्रंथपालांशी भरभरून बोलला, तिच्याशी "जपून धावा" एवढंच. पुढचे रविवार असेच गेले. तो रागावला होता की दुखावला होता की तिला विसरून गेला होता, काही कळायला मार्ग नव्हता. रोज संध्याकाळी धावताना ती त्याच्याशी भांडायची, माफी मागायची, परत भांडायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटत असेल, बाई नियम पाळून धावतेय.

मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता. मागे राहून त्याच्याबरोबर सुरुवात करावी, असं तिच्या एकदा मनात आलं. पायांनी ऐकलं नाही. त्यांना आता त्यांचा वेग ठाऊक होता. ती पुढच्या घोळक्यात शिरली, आणि निघाली.

रस्ता जाऊन परत येणारा होता, मध्ये शंकूंची रांग. अर्ध्यावर वळून ती परत निघाली आणि समोरून अजून तिकडे जाणाऱ्यांचे चेहरे दिसायला लागले. लाल, घामेजलेले, हसरे, रडवेले. ती एकेक चेहरा बघत होती. आणि मग सगळ्यांच्या मागून ते नारिंगी जाकीट आलं, शेजारी काका. त्यानेही तिला बघितलं. तेवढ्यासाठीच तो इतका वेळ समोर बघत धावत असावा असं बघितलं.

तिचा वेग कमी झाला. थांबावंसं वाटलं, पण थांबून आता चालणार नव्हतं, तेच तर ती शिकली होती. ती शंकूंच्या कडेला आली.

"कळ खोटी होती," ती रस्त्यापलीकडून म्हणाली, श्वास पुरवून पुरवून. "त्यामागचं... खोटं नव्हतं. तुम्ही आवडता मला. म्हणून मागे राहत होते."

त्याचं तोंड उघडलं. काका त्याच क्षणी अडखळले आणि त्याने त्यांचा दंड धरला. तोवर ती पुढे गेली होती. उत्तर ऐकायला थांबायचं तर बाबांची रेघ होती, आणि त्याला मागे फिरायचं तर काका होते.

शेवटचा भाग वाईट गेला. मांड्या दगड झाल्या, हसायचं काही उरलं नाही, आणि एका क्षणी बरगडीखाली खरोखरची कळ आली. इतकी चोख की ती कळवळता कळवळता हसली. देव आहे, असं तिला वाटून गेलं. मग मैदानाचं फाटक दिसलं.

फाटकाशी बाबा उभे होते. काठी आत्याच्या काखेत होती आणि आत्याचे दोन्ही हात त्यांना न धरण्याच्या प्रयत्नात हवेत होते. तिला बघून बाबा चालायला लागले. डावा पाय, मग उजवा ओढत. ती त्यांच्या शेजारी आली आणि तिने आपला वेग त्यांचा केला. बाजूने लोक धावत जात होते. रेघ बाबांनी आधी ओलांडली.

"पूर्ण," ते म्हणाले. एका दमात, कपाळावर शीर न उठता. आत्या आता उघड रडत होती आणि ज्याच्या त्याच्यावर डाफरत होती.

आत्या बाबांना घेऊन मंडपाकडे गेली. ती ओल्या गवतावर बसून राहिली. मैदान रिकामं होत गेलं; अर्धीवाले गेले, पूर्णवालेही पांगले, ग्रंथपाल केळं खाऊन आणि तिच्याकडे अर्थपूर्ण बघून गेल्या. टेबलं मिटायला लागली तेव्हा तिने उठून चहाचे तीन पेले भरून घेतले आणि मिटणाऱ्या टेबलावरून उचलून गवतात ठेवले.

ते आले. बसच्या जेमतेम पुढे. बाईंनी काकांच्या गळ्यात पदक घातलं, आणि काका पेला उचलून तिला डोळा मारून निघून गेले. तो तिच्या शेजारी बसला, टप्प्याटप्प्याने, कारण पाय वाकत नव्हते.

"रस्त्यापलीकडून काय म्हणालात ते मला नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"नाही?"

"काकांना आलं. त्यांनी मला उरलेल्या सगळ्या वाटेवर ते परत परत सांगितलं. कवळी खिशात होती, पण एकेक शब्द स्पष्ट."

ती हसली, आणि हसताना तिला रडू यायला लागलं. तो हसत नव्हता. तो पेल्याकडे बघत होता.

"मलाही एक सांगायचंय. मघाशीच सांगायचं होतं, पण काका..." तो थांबला. "माणूस दमला की त्याचा श्वास सांगतो. मला ते कळतं, तेच तर करतो मी. तुमचा श्वास कधीच दमलेला नव्हता. कळ आली म्हणायचात तेव्हाही नाही."

"म्हणजे... ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. पुढे ग्रंथपाल एकट्या आहेत हे मला दिसत होतं. मला तुमच्याजवळून हलायचं नव्हतं. मग बाईंनी विचारलं. दोनच उत्तरं होती: तुम्हाला दुखतंय, नाहीतर दुखत नाहीये. दुसरं म्हटलं असतं तर तुम्ही पुढे गेला असतात." त्याने प्रयत्न करून तिच्याकडे बघितलं. "तुमची पूर्ण मी घालवत होतो. आणि राग तुमच्यावर काढला."

खरं तर भांडायचा हक्क होता तिला. इतक्या संध्याकाळी ती त्याची माफी मागत धावली होती. पण बाबांनी रेघ ओलांडली होती, आणि समोर हा माणूस बसला होता, भिजलेला, प्रामाणिक, सगळ्यांना पोचवून दमलेला. भांडण नंतर करता येईल, असं तिने ठरवलं. नंतर म्हणजे बराच वेळ मिळणार आहे असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यानेच तिला बरं वाटलं.

"पुढच्या रविवारी मी पुढेच धावणार आहे," ती म्हणाली.

"धावा."

"आणि तुम्ही मागे."

"मी मागे."

"मग आपण भेटायचं कधी?"

त्याने अवघड चौकात गाडी घालण्याआधी करावा तसा गंभीर विचार केला. "सोमवारी," तो म्हणाला. "किंवा मंगळवारी. बुधवारी माझे शिकणारे कमी असतात..."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत एकालाही हे सुचलं नव्हतं. तिच्या कळा, त्याची काळजी, सगळं एका वारात कोंबलेलं, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस तसेच मोकळे पडलेले.

"सोमवारी लॅबमध्ये काम फार असतं," ती म्हणाली. "उशीर होतो मला."

"चालेल. मी बाहेर थांबेन. थांबायची सवय आहे मला."

तिने त्याच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि तिथे आपला हात ठेवला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "सरळ आत ये."